कुऱ्हाडीची बाजू

गुलमंडीवर झाड नाही, हे आधीच कबूल करून टाकू. तिथे उभे आहेत ते विजेचे खांब, आडव्या आहेत त्या तारा आणि लोंबतायत त्या सेलच्या पाट्या. यांतलं काहीही तोडायचं म्हटलं तर कुऱ्हाड लागत नाही, सरकारी कागद लागतो. तरीही रानात जाताना बरोबर मोठं पातं घ्यावं की छोटी कुऱ्हाड, हा वाद छत्रपती संभाजीनगरात रंगायचा तर गुलमंडीवरच रंगणार. ज्याला रोज रानात जायचं असतं तो दाराआड जे हत्यार असेल ते उचलतो आणि चालू लागतो. त्याला वादाला वेळ नसतो. वाद घालायला माणूस रानापासून बऱ्यापैकी लांब असावा लागतो, पाठीशी सुपारी मारुतीसारखं भक्कम दैवत असावं लागतं आणि हातात चहा असावा लागतो. त्यातून रविवारी सकाळी म्हैसमाळ, गौताळा, नाही तर पितळखोऱ्याकडे गाड्या काढणारी मंडळी हल्ली वाढली आहेत. त्यांच्या पाठीवरच्या पिशव्या बघून वाटावं, हे लोक आता पावसाळा संपल्यावरच परत येणार. प्रत्यक्षात ते दुपारी चारला कोथिंबिरीची जुडी घेऊन घरी हजर असतात. या पिशवीत एक धारदार वस्तू असतेच, आणि ती कोणती असावी याबद्दल माझं मत ठाम आहे: मराठवाड्याच्या रानात मोठ्या पात्यापेक्षा छोटी कुऱ्हाड सरस. फक्त ‘छोटी’ म्हणजे तिचं नेमकं काय छोटं, इथे बाजाराने घोटाळा करून ठेवला आहे. त्याकडे येऊच.

आधी मोठ्या पात्याची बाजू ऐकून घेऊ. ते देखणं असतं, यात शंका नाही. खांद्यावर कुऱ्हाड घेऊन फोटो काढला तर माणूस सरपण आणायला निघालेला दिसतो. फूटभर सुरा कमरेला लावून काढला तर तोच माणूस कुणाला तरी सोडवायला निघालेला दिसतो. याला 1982 सालचा रॅम्बोचा पहिला सिनेमा बराचसा जबाबदार आहे. त्यातल्या सुऱ्याच्या पाठीला करवतीचे दात होते, मूठ पोकळ होती, पोकळीत सुईदोऱ्यासारखं बारीकसारीक सामान होतं आणि मुठीच्या टोपणात होकायंत्र. तेव्हापासून जगभर त्याच्या नकला निघतायत. त्यातली मेख अशी की मूठ पोकळ ठेवायची तर पात्याचं पोलाद मुठीतून शेवटपर्यंत नेता येत नाही. ते जिथे थांबतं तिथेच जोरकस घावाला स्वस्तातला सुरा मोडतो. एक तुकडा लाकडात राहतो, दुसरा आपल्या हातात, होकायंत्रासकट. म्हणजे सुरा कोणत्या दिशेला मोडला, एवढं तरी अचूक कळतं. म्हैसमाळच्या घाटात होकायंत्राचा याहून जास्त उपयोग नाही, कारण तिथे दिशा दोनच आहेत, वर आणि खाली, आणि त्या गाडीच्या गिअरवरूनही कळतात. 2018 साली याच शहरात ऑनलाइन मागवलेल्या तलवारी आणि सुरे पोलिसांनी जप्त केले होते. आता, ज्याला हत्याराने खरोखर काही कापायचं असतं तो ते घरपोच खोक्यातून मागवत नाही. तो आधी हातात धरून बघतो, अंगठ्याने धार चाचपतो, एकदा हवेत फिरवतो आणि मगच भाव करतो. खोक्यातून येतं ते हत्यार नसतं, हौस असते. हौसेला मोल नसतं हे खरं, पण तिने फांदीही तुटत नाही.

खरं म्हणजे हा निकाल माणसाने द्यायचाच नसतो. तो झाडाने द्यायचा, आणि झाडाच्या वतीने पावसाने. कोकणात वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथे जे उगवतं ते हिरवं, ओलं, लवचीक आणि बेसुमार. वाट काढायची म्हणजे वेली, गवत, झुडपं सपासप उडवत जायचं. याला लांब, पातळ आणि हलकं पातं हवं, म्हणून कोकणातला माणूस कमरेला लाकडी आकडी बांधतो आणि तिच्यात कोयता अडकवतो. हिरवी फांदी जड हत्याराला भीक घालत नाही. ती वाकते, घाव सोसते आणि परत तोंडावर येते. तिला वेगच लागतो, आणि वेग ही हलक्या पात्याची मिरास आहे. हत्याराचं वजन दुप्पट केलं तर घावातली ताकद दुप्पट होते, पण वेग दुप्पट केला तर ती चौपट होते, हे शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकात आहे आणि कोयतेवाल्याच्या मनगटात त्याच्या आधीपासून आहे. परशुरामाची गोष्टही इथे आपल्याच बाजूने साक्ष देते. हातात एवढा नावाजलेला परशू असताना समुद्र मागे हटवायला त्याने बाण वापरला. कामाला साजेसं हत्यार निवडावं, हे चिरंजीवांनाही कळत होतं. जगाचा नकाशा उघडला तरी हीच रेघ दिसते. मध्य आणि दक्षिण अमेरिकेच्या दमट मुलखात माचेटे, मलय मुलखात पारांग, आणि थंड प्रदेशातल्या कोरड्या, टणक लाकडाच्या जंगलांत कुऱ्हाड. अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात 1826 साली सुरू झालेल्या कॉलिन्स कंपनीने आधी कुऱ्हाडींवर नाव कमावलं आणि पुढे लॅटिन अमेरिकेसाठी माचेटे काढून जहाजं भरभरून पाठवले. 1966 साली कारखाना बंद पडेपर्यंत या दोहोंत श्रेष्ठ कोण हा प्रश्न कंपनीला काही सतावत नव्हता. गिऱ्हाइकाच्या दारात काय उगवतं एवढं विचारलं की झालं.

आता आपल्या दारात काय उगवतं ते बघू. या जिल्ह्यात वर्षाकाठी पाऊस सातशे मिलिमीटरच्या आसपास, तोही मूड असेल तर. त्या पावसावर बाभूळ येते, बोर येते, हिवर येतो, धावडा येतो, टणटणी माजते, आणि कुणी न बोलावता वेडी बाभूळ सगळीकडे हजर असते. या मंडळींचे दोन स्वभाव. एक, लाकूड चिवट आणि वाळल्यावर कमालीचं टणक. दोन, जवळ आलेल्या प्रत्येकाला काटा. वाळलेल्या बाभळीवर कोयता मारला तर पहिल्या घावाला तो रुततो, दुसऱ्या घावाला तो रुतलेलाच असतो आणि तिसरा घाव म्हणजे तो उपसून काढण्याची कसरत असते. चारदोन खेपांत धारेला दाते पडतात. पातळ पातं लाकडात शिरतं, पण लाकूड उकलत नाही. कुऱ्हाडीचं डोकं पाचरीच्या आकाराचं असतं. ते शिरता शिरता दोन्ही बाजू रेटतं, म्हणून ढलपा उडतो आणि हत्यार मोकळं होतं. पुढचा मुद्दा काट्यांचा. कोयत्याला फांदी तोडायची तर आपली मूठ फांदीपासून वीतभर अंतरावर नेऊन ठेवावी लागते, म्हणजे बरोबर काट्यांच्या राज्यात. वेड्या बाभळीचा काटा चपलेच्या तळातून आरपार जातो; मनगटाची काय कथा. कुऱ्हाडीला दांडा असतो, आणि दांड्याचं पहिलं काम जोर वाढवणं हे नसून माणसाला त्या झाडापासून सन्मानाने दूर ठेवणं हे आहे.

आणि इथेच बाजाराचा तो घोटाळा. ‘कॅम्पिंगची छोटी कुऱ्हाड’ म्हणून जी विकली जाते तिचा दांडा छोटा असतो. हातभर, रबरी मुठीची, नायलॉनच्या खोळीतली, पिशवीत मावते म्हणून लोकप्रिय. ही कुऱ्हाड मोठ्या कुऱ्हाडीपेक्षा जास्त धोक्याची आहे, हे कुणी सांगत नाही. हिशेब सोपा आहे. लांब दांड्याची कुऱ्हाड चुकली तर तिचं डोकं पुढे जमिनीत जाऊन बसतं. आखूड दांड्याची चुकली तर तिचा फेरा जमिनीला लागण्याआधी आपल्याकडे वळतो आणि वाटेत नडगी असते. स्वतःच्या पायावर कुऱ्हाड मारून घेणाऱ्यांचा वाक्प्रचार ज्याने काढला त्याने हे प्रात्यक्षिक आखूड दांड्यावरच पाहिलं असलं पाहिजे. म्हणून छोटं असावं ते डोकं, दांडा नव्हे. याचा पुरावा कुठल्या पुस्तकात शोधायला नको. मेंढरं घेऊन रस्त्याने जाणारा धनगर बघावा. त्याच्या खांद्यावरच्या कुऱ्हाडीचं पातं बेताचं असतं आणि दांडा चांगला ऐसपैस. त्याने तो बाभळीची डहाळी वाकवतो, शेळ्यांपुढे पाला पाडतो, कुंपणाची काटी ओढून बाजूला सारतो, कुत्र्याला दटावतो, आणि कळप थांबला की तोच दांडा जमिनीला टेकवून, त्यावर हाताची घडी करून, एका पायावर भार देऊन अर्धा तास उभा राहतो. रॅम्बोच्या सुऱ्यावर रेलून असं उभं राहून दाखवावं. गंमत म्हणजे युरोपात कार्पेथियन डोंगरांतल्या मेंढपाळांनीही नेमकं हेच हत्यार घडवलं: टिचभर डोकं, काठीएवढा दांडा. स्लोवाकियात त्याला वालाश्का म्हणतात, पोलंडच्या डोंगराळ भागात चुपागा. तिकडच्या मेंढपाळांनी कन्नडच्या धनगराला विचारलं नव्हतं आणि त्यानेही त्यांना पत्र टाकलं नव्हतं. मेंढरं, काटेरी वाटा आणि दिवसभराची पायपीट या तीन गोष्टी एकत्र आल्या की माणसाच्या हातात काठी आणि कुऱ्हाड यांचं लग्न लागतं, मग मुलूख कुठलाही असो.

यावर पहिला आक्षेप येतो तो जोरदार आहे आणि तो टाळून चालणार नाही. मराठवाड्यात उघड्यावर हत्यार चालवणारा सगळ्यात तरबेज माणूस कोण? ऊसतोड कामगार. त्याच्या हातात काय असतं? कोयता. मग? बीडपासून निघालेल्या हजारो जोड्या दिवाळीच्या सुमारास कारखान्यांकडे जातात आणि उन्हाळा लागताना परततात. या धंद्यात नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात, एकट्याला ‘अर्धा कोयता’, आणि मुकादम उचल देतो ती या कोयत्यांच्या हिशेबाने. त्यांचं काम बघितलं तर कोयत्याबद्दल आदरच वाटतो. साखर बुडख्याशी जास्त, म्हणून घाव जमिनीलगत. लगेच ऊस वर उचलून पाचट खाली, वाढं बाजूला, आणि कांडं मोळीत. एका उसाला तीन-चार हालचाली आणि त्या दिवसभर, कंबर मोडेस्तोवर. त्या मोळीची जातकुळी मात्र ध्यानात घ्यावी. ऊस हे गवत आहे. उंच, जाड, गोड, राजकारणात वजन असलेलं, पण गवतच, आणि पाण्यात वाढलेलं. 1976 साली जायकवाडी उभं राहिलं, कालवे आले, आणि त्या पाण्याबरोबर ऊस कोरड्या मुलखातही पाय पसरत गेला. जिथे पाणी पोचलं तिथे कोयता पोचला. म्हणजे हा आक्षेप माझ्या म्हणण्याला खोडत नाही, उलट त्याची पावती फाडतो. आणि तोच ऊसतोड कामगार संध्याकाळी खोपटाशी आला, चुलीपुढे वाळलेलं बाभळीचं खोड पडलं असलं, की शहाण्यासारखा कोयता बाजूला ठेवून कुऱ्हाड शोधतो. रोजी ज्या धारेवर आहे ती धार तो सरपणावर घालवत नाही.

दुसरा आक्षेप शहरी आहे आणि व्हिडिओ बघून आलेला आहे. म्हणे मोठ्या सुऱ्यानेही लाकूड फोडता येतं. सुरा ओंडक्यावर उभा ठेवायचा, दुसरं लाकूड घेऊन त्याच्या पाठीवर ठोकत राहायचं, सुरा खाली सरकतो आणि ओंडका उकलतो. परदेशी छंदिष्टांत या प्रकाराला मोठी प्रतिष्ठा आहे. शांतपणे विचार करा. एक पातं आहे, एक ठोकणारं लाकूड आहे, आणि दोन्ही मिळून ओंडका फोडतायत. ही कुऱ्हाडच झाली, फक्त तिचे भाग सुटे आहेत आणि ते दोन हातांत वेगवेगळे धरावे लागतात. ज्या अज्ञात पूर्वजाने पात्याला भोक पाडून त्यात लाकूड कायमचं बसवलं त्याच्या शोधाचा हा अपमान आहे. आपल्याकडे तर या प्रकरणाची फाईल फारच जुनी आहे. शहरापासून तासा-दीड तासावर नेवासा. तिथे प्रवरेच्या काठी ह. धी. सांकलिया यांनी 1954 पासून उत्खनन केलं, आणि त्या परिसरात अश्मयुगातली जी दगडी हत्यारं मिळाली त्यांत हातकुऱ्हाडी आहेत आणि फरश्याही आहेत. दोन्ही दांड्याविना, नुसत्या मुठीत धरायच्या. सुरा की कुऱ्हाड हा प्रश्न त्या काळच्या माणसाला पडला असता तर त्याने दगड दाखवून ‘दोन्ही’ म्हटलं असतं आणि सोलायला घेतलेलं जनावर पुढे सोलत बसला असता. सुट्या भागांची कुऱ्हाड ही त्या काळाकडे परतण्याची धडपड आहे. जावं जरूर, पण मग बुटंही काढून जावं.

तिसरा आक्षेप स्वयंपाकाचा: कुऱ्हाडीने कांदा कसा चिरणार? हा प्रश्न विचारणारे लोक रानात कांदा चिरत नाहीत, ते घरून डबा नेतात किंवा खुलताबादच्या वाटेवर भजी खातात. तरीही ज्याला चिरायचाच आहे त्याने विळीवर चिरायला शिकलेल्या आपल्या घरातल्या माणसांना विचारावं, फूटभर सुऱ्याने कांदा चिरणं सोपं की चार बोटांच्या चाकूने. मोठं पातं कांद्यासाठी फार मोठं आणि बाभळीसाठी फार हलकं, दोन्हीकडे पाहुणाच. शहरात मोठं पातं रोज, पोटासाठी आणि खरोखर कौशल्याने वापरणारा माणूस एकच, शहाळेवाला. पैठण गेटच्या अंगाला कुठल्याही गाड्यापाशी उभं राहून बघावं. डाव्या तळव्यावर शहाळं, उजव्या हातात कोयता. तो आधी बुडाची साल तासतो म्हणजे शहाळं टेकवता येईल, मग शेंड्याकडून तिरके तीन घाव, प्रत्येक घावागणिक तळवा थोडा फिरवत, आणि चौथा घाव हलका, टोकाने, झाकण उचकटण्यापुरता. पाण्याचा थेंब सांडत नाही आणि बोटं सगळी जागेवर. हे पाहून कोयत्यावर भाळायला हरकत नाही. पण शहाळंही ओलं, हिरवं, कोकण-कर्नाटकाकडून येणारं. ज्या फळासाठी हे पातं घडलं त्या फळाच्या मागोमाग ते इथवर आलं आहे. मराठवाड्याचं स्वतःचं फळ सीताफळ, आणि ते दोन अंगठ्यांनी फुटतं.

कायद्याचं मत विचारायला हवं, कारण गुलमंडीवरून हत्यार घेऊन जायचं तर वाटेत सिटी चौक पोलीस ठाण्याचा परिसर लागतो. 1959 च्या शस्त्र कायद्याच्या हिशेबात नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची हत्यारं येतात, मात्र घरकामासाठी, शेतीसाठी, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी घडवलेली सोडून. म्हणजे कोयता शेतात शेतकी अवजार आहे, घरात घरगुती आहे, आणि मधल्या रस्त्यावर तो काय आहे हे आपल्या चेहऱ्यावर अवलंबून आहे. रॅम्बोच्या सुऱ्याला तर तीही सवलत नाही. तो कोणत्या शेतीसाठी घडवला हे फौजदाराला पटवून देणारा वकील अजून जन्मायचा आहे. सणासुदीला महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 37 खाली मनाई हुकूम निघतात. त्यांत तलवारी, भाले, सुरे, काठ्या, लाठ्या अशी यादी असते. कुऱ्हाडीचं नाव नसतं, पण शेवटी इजा करता येईल अशी कोणतीही वस्तू हे शेपूट असतंच. पुण्यात कोयता गँगचा धुमाकूळ झाला तेव्हा, 2023 च्या सुरुवातीला, कोयता विकताना गिऱ्हाइकाचं आधार कार्ड घ्या, असं पोलिसांनी विक्रेत्यांना सांगितलं होतं. इतकी वर्षं उसाच्या फडात राबलेल्या हत्याराला चार टोळभैरवांपायी ओळखपत्र दाखवावं लागलं. कुऱ्हाडीला अजून कुणी आधार विचारलेलं नाही. तिला घेऊन दहशत बसवायची तर ती आधी शर्टाच्या मागे लपवावी लागेल, आणि लांब दांड्याची कुऱ्हाड शर्टामागे लपवून दुचाकीवर बसता येत नाही. लांब दांड्याच्या बाजूने याहून मोठा सामाजिक मुद्दा मला दिसत नाही.

मग घ्यायची कुठून? शहराच्या कडेला रस्त्यालगत घिसाड्यांची पालं पडतात, जाफर गेटच्या रविवारच्या बाजारात जुनं-नवं लोखंड मांडलेलं असतं. घिसाड्याकडे जावं आणि खरेदीची घाई न करता दहा मिनिटं उभं राहावं. ट्रकच्या मोडक्या कमानपाट्याचा तुकडा भट्टीत लाल होतो. पुरुष सांडशीने तो ऐरणीवर धरतो आणि छोट्या हातोडीने जागा दाखवतो. त्या जागेवर घण पडतो तो बहुतेकदा बाईचा, पदर खोचून, डोक्याच्या मागून आणलेला. हातोडीचा ठोका, घणाचा ठोका, हातोडी, घण. मध्ये एक शब्द नाही. पातं आकाराला आलं की फक्त धारेची बाजू पाण्यात, चर्र; पाठ कोरडीच. धार कडक झाली, पाठ नरम राहिली, म्हणून घावाला पातं तडकत नाही. एवढा विचार त्या ऑनलाइन खोक्यातल्या सुऱ्यामागे क्वचितच असतो, आणि भाव मात्र तिथे आपण न कुरकुरता देतो, इथे दहा रुपयांसाठी दोनदा निघून जायचं नाटक करतो. पातं घेतलं तरी काम अर्धंच झालं. दांडा बाभळीचा किंवा धावड्याचा घ्यावा, रेषा टोकापासून टोकापर्यंत सरळ जाणारा, गाठ नसलेला. तो भोकात ठोकून वर पाचर मारावी आणि पहिल्याच दिवशी भिंतीवर आपटून बघू नये. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, या म्हणीने दांड्याची फार बदनामी केली आहे. गोताचं झाडांनी बघून घ्यावं. आपल्या बाजूने दांड्याइतका इमानी नातेवाईक नाही.

आता सगळ्यात अवघड आक्षेप, जो कुणी घेत नाही म्हणून मीच घेतो. मराठवाड्यातल्या बाहेरच्या मजेला हत्यार लागतं का? थंडीत हुरडा पार्टी होते. कोवळी कणसं विळ्याने कापतात, आगटीत गोवऱ्या पेटतात, कणसं भाजतात, तळहातावर चोळतात, गूळ, शेंगदाण्याची चटणी, दही. ओंडक्याचा संबंध कुठेच येत नाही. हनुमान जयंतीच्या आदल्या रात्री शहरातून हजारो माणसं खुलताबादच्या भद्रा मारुतीला पायी जातात, अंधारातून, घाट चढून, काही तर अनवाणी, आणि हातात पाण्याची बाटली सोडून काही नसतं. गौताळ्यात जायचं म्हणाल तर ते 1986 पासून अभयारण्य आहे. 1972 च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे लेखी परवानगीशिवाय शस्त्र घेऊन आत जाता येत नाही, आणि ‘शस्त्र’ या शब्दाच्या व्याख्येत सुऱ्यांचं नाव स्पष्ट आहे. कुऱ्हाडीचं नाव इथेही नाही, यावर कुणी खूश होऊ नये. जनावराला इजा करू शकणारं कोणतंही साधन त्यात येतं, आणि खांद्यावर कुऱ्हाड टाकून अभयारण्याच्या फाटकाशी गेलेल्या माणसाला वनरक्षक व्याख्या वाचून दाखवत बसणार नाही.

तेव्हा शेत असेल, बांधावर बाभळी असतील, शेळ्या असतील, तर बेताच्या डोक्याची आणि लांब दांड्याची कुऱ्हाड घ्यावी, घिसाड्याकडून, सांगेल त्या भावात पाच-पन्नासचा फरक करून. ऊस असेल तर कोयता. नुसता रविवार असेल तर खिशात बोटाएवढा चाकू पुरे, पेरू कापायला. आणि गौताळ्याला जाताना तोही घरीच ठेवा.